फॉन्टेरा : उत्पादन केंद्रे व वितरण व्यवस्था

फॉन्टेरा ही न्यू झीलंडमधील दूध उत्पादक शेतकऱ्यांच्या मालकीची सहकारी कंपनी असून दुग्धजन्य पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातील ती एक अग्रगण्य संस्था आहे. तिची स्थापना ऑक्टोबर २००१ मध्ये झाली. मुख्यालय ऑकलंड येथे आहे. ‘जमिनीतून उगवलेला झरा’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दसमूहावरून कंपनीचे नाव घेतलेले आहे. देशात उत्पादित होणाऱ्या दुधापैकी बहुतांश दूध ही संस्था गोळा करते आणि त्यापासून तयार केलेला सुमारे ९५ टक्के माल परदेशी पाठवते. न्यू झीलंडची लोकसंख्या सुमारे ५० लाख आहे, तर देशाचे वार्षिक दूध उत्पादन २,००० कोटी लिटरहून अधिक आहे. म्हणजे जवळजवळ सर्वच दुधाला परदेशी गिऱ्हाईक शोधावे लागते. हे गिऱ्हाईक मुख्यतः चीन, आग्नेय आशिया व मध्यपूर्वेत, हजारो किलोमीटर दूर राहते.

दूध हा तर काही तासांत नासणारा पदार्थ. तेव्हा कारखाने कोठे उभारावेत, दूध तेथवर कसे आणावे आणि तयार माल बंदरापर्यंत कसा न्यावा, हे प्रश्न या कंपनीच्या अस्तित्वाशीच निगडित आहेत. सदर लेखात प्रामुख्याने त्यांचाच विचार केला आहे.

== ऐतिहासिक पार्श्वभूमी ==

न्यू झीलंडच्या दुग्धव्यवसायाला निर्यातीची दिशा मिळाली ती १८८० च्या दशकात. पन्नास टन चीज निर्यात करणाऱ्या पहिल्या कारखान्यास सरकारने ५०० पौंडांचे बक्षीस जाहीर केले होते. ते दक्षिण बेटावरील साउथलंड प्रांतातील एडनडेल येथील कारखान्याने मिळवले. हा कारखाना उभारणाऱ्या कंपनीनेच १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ या शिडाच्या जहाजावर शीतकरणाची यंत्रे बसवून पोर्ट चाल्मर्स बंदरातून गोठवलेले मांस इंग्लंडला यशस्वीपणे पोहोचवले होते. एडनडेलचा कारखाना आज फॉन्टेराकडे असून तो देशातील सर्वांत जुने दुग्धप्रक्रिया केंद्र मानला जातो.

त्यानंतरच्या काळात गावोगावी लहान लहान सहकारी लोणी व चीज कारखाने निघाले. घोडागाडीने सकाळचे दूध जितक्या अंतरावर नासण्याआधी पोहोचेल, तितकेच त्या कारखान्याचे कार्यक्षेत्र असे. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देशात असे शेकडो कारखाने होते. पुढे पक्के रस्ते, शेतावरील शीतकरण आणि टँकर आले. कार्यक्षेत्राची मर्यादा काही मैलांवरून शंभर किलोमीटरपलीकडे गेली आणि लहान कारखाने एकामागून एक मोठ्या कारखान्यांत विलीन होऊ लागले. देशभर आज ओसाड पडलेल्या किंवा घरांत रूपांतरित झालेल्या जुन्या चीज कारखान्यांच्या इमारती या स्थित्यंतराची साक्ष देतात.

दुसरे मोठे स्थित्यंतर १९७३ मध्ये घडले. ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला आणि लोणी व चीज यांची हक्काची बाजारपेठ न्यू झीलंडच्या हातून निसटू लागली. नव्या बाजारपेठा आशियातील उष्ण प्रदेशांत होत्या. तेथे घरोघरी शीतकपाटे नव्हती व चीज खाण्याची सवयही नव्हती. दूध भुकटी मात्र तेथे खपत होती. निर्यातीचा भर चीज व लोण्याकडून भुकटीकडे वळला आणि त्याबरोबर कारखान्यांचे स्वरूपही बदलले.

न्यू झीलंड डेअरी ग्रुप व किवी को-ऑपरेटिव्ह डेअरीज या दोन मोठ्या सहकारी संस्था आणि निर्यातीचे एकाधिकार सांभाळणारे न्यू झीलंड डेअरी बोर्ड यांच्या विलीनीकरणातून २००१ मध्ये फॉन्टेरा अस्तित्वात आली. यासाठी संसदेने स्वतंत्र कायदा केला. टाटुआ व वेस्टलँड या दोन लहान सहकारी संस्था विलीनीकरणाबाहेर राहिल्या. त्यांपैकी वेस्टलँड २०१९ मध्ये चीनच्या यिली कंपनीने विकत घेतली. आरंभी देशातील सुमारे ९६ टक्के दूध फॉन्टेराकडे येत असे. नव्या स्पर्धकांमुळे हे प्रमाण पुढे ८० टक्क्यांच्या आसपास आले.

== स्थाननिश्चितीचे तत्त्व ==

गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. पूर्ण स्निग्धांशाची १ किलो भुकटी तयार करण्यासाठी सुमारे ८ लिटर दूध लागते. दूध तसेच जहाजावर चढवायचे ठरवले, तर आठांपैकी सात भाग पाण्याचेच भाडे भरावे लागेल, शिवाय ते थंड ठेवण्याचा खर्च वेगळा. म्हणून पाणी शक्य तितके शेताजवळच काढून टाकावे आणि उरलेला घनपदार्थ दूरवर न्यावा, हे तत्त्व फॉन्टेराच्या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. कारखाने शहरांत किंवा बंदरांत न आढळता वायकाटो, तारानाकी, कँटरबरी व साउथलंड येथील कुरणांच्या मध्यभागी आढळतात, याचे कारण हेच.

शेतकऱ्याला मिळणाऱ्या मोबदल्यातही हेच तत्त्व उतरले आहे. दर लिटरवर नव्हे, तर दुधातील स्निग्धांश व प्रथिने यांच्या वजनावर ठरतो. न्यू झीलंडमध्ये रूढ झालेल्या सूत्रात या दोन घटकांचे मूल्य मिळवून त्यातून दुधाच्या आकारमानाप्रमाणे काही रक्कम वजा केली जाते. ही वजावट म्हणजे पाणी वाहून नेण्याचा व उडवण्याचा खर्च होय. पाणचट दूध देणारी गाय तेथे केवळ कमी उत्पन्न देत नाही, ती वाहतुकीचा भारही वाढवते.

दुसरा निर्णायक घटक हंगामाचा आहे. तेथील गाई वर्षभर बहुतांशी कुरणातील गवतावर पोसल्या जातात. म्हणून गवत जोमाने वाढू लागते त्या सुमारास, म्हणजे दक्षिण गोलार्धातील हिवाळ्याच्या अखेरीस व वसंताच्या आरंभी, बहुतेक सर्व गाई एकाच वेळी वितील अशी योजना केलेली असते. दुग्धवर्ष १ जून ते ३१ मे असे धरतात. ऑक्टोबरच्या सुमारास पुष्टकाळ कळसाला पोहोचतो आणि फॉन्टेराकडे रोज सुमारे ८ कोटी लिटर दूध येते. जून-जुलैमध्ये मात्र बहुतेक गाई आटलेल्या असतात व अनेक कारखाने डागडुजीसाठी बंद ठेवले जातात.

या पद्धतीमुळे शेतकऱ्याचा चाऱ्यावरील खर्च वाचतो, परंतु त्याचा भार कारखान्यांवर पडतो. वर्षातील मोजक्या आठवड्यांच्या दुधासाठी यंत्रसामग्री उभारावी लागते आणि उरलेला काळ तिचा मोठा भाग रिकामा राहतो. कळसाच्या दिवसांत आलेले दूध नाकारता येत नाही, ओतूनही देता येत नाही. अशा वेळी मोठ्या प्रमाणावर दूध झपाट्याने पचवू शकणारे यंत्र म्हणजे भुकटीचा शुष्कक. चीज किंवा विशेष प्रथिने यांतून अधिक पैसा मिळत असूनही फॉन्टेराच्या उत्पादनात भुकटीचे प्रमाण इतके मोठे का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या हंगामी पुरात सापडते. महाराष्ट्रात दूध भुकटी ही पुष्टकाळातील जादा दुधाची सोय मानली जाते. येथे मात्र तीच मुख्य व्यवसाय होऊन बसली आहे.

== दूधसंकलन ==

महाराष्ट्रात दोन-चार जनावरांचा मालक किटली घेऊन गावच्या दूध संस्थेत जातो. न्यू झीलंडमध्ये टँकर थेट गोठ्यापर्यंत येतो, कारण तेथील एका कळपात सरासरी चारशेहून अधिक गाई असतात. दोहन झालेले दूध शेतावरच मोठ्या शीतटाकीत साठवले जाते. शासकीय नियमानुसार दोहन सुरू झाल्यापासून चार तासांत दूध १० अंश सेल्सिअसपर्यंत थंड व्हावे लागते. पुढे दोहन सुरू झाल्यापासून सहा तास किंवा संपल्यापासून दोन तास, यांपैकी जी वेळ आधी येईल तोपर्यंत ते ६ अंशांवर आणावे लागते.

कंपनीकडे सुमारे ५०० टँकर असून जोडगाडीसह एका टँकरमध्ये सुमारे २८,००० लिटर दूध मावते. चालकाचे काम केवळ गाडी हाकण्याचे नाही. तो टाकीतील दुधाचे तापमान पाहतो, वास व रंग तपासतो, नमुना घेतो आणि शंका आल्यास दूध उचलण्यास नकार देतो. एकाच टँकरमध्ये अनेक शेतांवरील दूध एकत्र होत असल्याने एका शेतावरील प्रतिजैविकांचा अंश असलेले दूध साऱ्या टँकरला निकामी करू शकते. म्हणून प्रत्येक शेताचा नमुना स्वतंत्र ठेवला जातो. टँकर कोणत्या क्रमाने कोणत्या शेतांवर जाणार व कोणत्या कारखान्यात रिकामा होणार, याचे नियोजन केंद्रीय पद्धतीने संगणकाद्वारे होते. एखाद्या कारखान्यात बिघाड झाल्यास त्याच रात्री दूध दुसरीकडे वळवता येणे हा या केंद्रीकरणाचा मोठा लाभ आहे.

रस्त्याला पर्याय म्हणून काही वर्षे कच्चे दूध रेल्वेनेही नेले जात होते. उत्तर बेटाच्या पूर्व भागातील दूध ओरिंगी व लाँगबर्न येथे गोळा करून टाकीच्या वाघिणींतून पश्चिमेकडील व्हारेरोआ कारखान्यात पोहोचवले जाई.

== प्रमुख उत्पादन केंद्रे ==

वायकाटो हा उत्तर बेटावरील परंपरागत दुग्धप्रदेश. हॅमिल्टन शहराजवळील ते रापा, तसेच ते अवामुतू, वायतोआ, लिचफील्ड, मोरिन्सविल, टिराऊ व हाउतापू अशी अनेक केंद्रे येथे तुलनेने जवळजवळ आहेत. परिणामी त्यांच्यात कामाची विभागणी करता येते. ते रापा भुकटी व मलईच्या पदार्थांसाठी, तर केंब्रिज गावाजवळील हाउतापू दुधातील प्रथिने वेगळी करण्यासाठी ओळखले जाते. वायतोआ येथे २०१४ पासून अतिउच्च तापमानावर निर्जंतुक केलेले द्रव दूध व मलई तयार होते. पाणी वाहून नेऊ नये या तत्त्वाला हा अपवाद वाटेल. परंतु बेकऱ्या व उपाहारगृहे यांना लागणाऱ्या मलईचे मोल इतके असते की त्यातील पाण्याचे भाडे परवडते.

तारानाकी प्रांतात हावेरा गावाजवळील व्हारेरोआ हे जगातील सर्वांत मोठ्या दुग्धप्रक्रिया संकुलांपैकी एक आहे. भुकटी, चीज, मलईचे पदार्थ व प्रथिने अशी नाना उत्पादने येथे एकाच आवारात निघतात. चीज तयार करताना उरणारी निवळी पूर्वी डुकरांना घातली जाई किंवा ओढ्यात सोडली जाई. आता तीपासून प्रथिने वेगळी करतात आणि जवळच्या कापुनी येथील कारखान्यात निवळीतून दुग्धशर्करा काढली जाते.

दक्षिण बेटावरील विस्तार अलीकडचा आहे. कँटरबरीच्या सपाट प्रदेशात पाटबंधाऱ्यांची व फवारा सिंचनाची सोय झाल्यावर मेंढपाळीची जागा गोपालनाने घेतली आणि कारखाने त्यामागून आले. तेमुका गावाजवळील क्लँडेबॉय येथे भुकटीबरोबर चीजही होते व पिझ्झासाठी लागणारे मॉझरेला हे तेथील महत्त्वाचे उत्पादन आहे. डारफील्ड येथे २०१२ मध्ये नवा कारखाना सुरू झाला व पुढील वर्षी तेथे ताशी सुमारे ३० टन भुकटी देणारा दुसरा शुष्कक उभा राहिला. त्यापूर्वी २००९ मध्ये एडनडेल येथे बसवलेला शुष्कक त्या वेळी जगातील सर्वांत मोठा होता. उत्तर बेटावर लिचफील्ड येथे २०१६ मध्ये डारफील्डच्या तोडीचाच शुष्कक कार्यान्वित झाला.

शुष्ककाचे कार्य थोडक्यात असे : दूध प्रथम निर्वात बाष्पकांतून नेऊन निम्मे घन व निम्मे पाणी या प्रमाणापर्यंत आटवतात. निर्वातामुळे दूध कमी तापमानावर उकळते व करपत नाही. हे दाट दूध उंच मनोऱ्यात अत्यंत बारीक थेंबांच्या रूपाने फवारले जाते. सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत ते क्षणार्धात सुकते व तळाशी भुकटी होऊन पडते. तिच्यात सुमारे ३ टक्केच ओलावा उरतो. बाष्पकांतून निघालेल्या वाफेचे पाणी वाया न घालवता यंत्रे धुण्यासाठी वापरतात.

== ऊर्जेचा प्रश्न ==

एवढे पाणी उडवायचे तर प्रचंड उष्णता हवी, आणि ती कशातून मिळवायची हे कारखाना कोणत्या बेटावर आहे यावर ठरत आले आहे. नैसर्गिक वायू तारानाकीच्या परिसरात सापडतो व त्याच्या नळवाहिन्या केवळ उत्तर बेटावर आहेत. म्हणून दक्षिण बेटावरील क्लँडेबॉय, डारफील्ड व एडनडेल हे मोठे कारखाने कोळशावर चालत आले. कुरणावरील गाईचे चित्र छापलेल्या डब्यामागे कोळशाची भट्टी असणे ही विसंगती पर्यावरणवाद्यांनी वारंवार निदर्शनास आणली. कंपनीने २०३७ पर्यंत कोळसा पूर्णपणे थांबवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. ते अवामुतू येथे २०२० मध्ये लाकडी गोळ्यांचा वापर सुरू झाला. ओटागो प्रांतातील स्टर्लिंग येथील चीज कारखान्यात २०२२ मध्ये कोळशाच्या जागी लाकडी जळण आले.

== कारखान्यापासून बंदरापर्यंत ==

भुकटी सामान्यतः २५ किलोच्या बहुस्तरीय कागदी पिशव्यांत भरतात व आतून प्लास्टिकचे अस्तर असते. ती साध्या कोरड्या कंटेनरमधून जाऊ शकते. चीजसाठी शीत कंटेनर लागतात आणि लोणी गोठवून पाठवले जाते. उत्पादन हंगामी असले, तरी ग्राहकाला माल वर्षभर हवा असतो. ही दरी भरून काढण्याचे काम गोदामे करतात. वायकाटोतील कारखान्यांचा माल हॅमिल्टनच्या क्रॉफर्ड स्ट्रीट येथील गोदामांत आणि दक्षिणेकडील माल डुनेडिनजवळ मॉसगील येथील वितरण केंद्रात एकत्र केला जातो. दोन्ही ठिकाणे रेल्वेने जोडलेली आहेत.

रेल्वेवर भर देण्यामागे साधे गणित आहे. माल जड, त्याचे मार्ग ठरलेले आणि प्रमाण मोठे. हॅमिल्टनहून मालगाड्या कायमाई पर्वतरांगेखालील बोगद्यातून तौरंगा बंदराकडे जातात. व्हारेरोआ व एडनडेल या संकुलांनाही रेल्वेमार्ग जोडलेला आहे. डारफील्डची जागा निवडताना ख्राइस्टचर्चहून पश्चिमेकडे जाणारा लोहमार्ग जवळ असणे ही मोठी सोय ठरली. तेथील माल रेल्वेने लिटल्टन बंदरात पोहोचतो. साउथलंडचा माल मॉसगीलमार्गे पोर्ट चाल्मर्सला जातो. १८८२ मध्ये ‘डुनेडिन’ जहाज निघाले होते ते याच बंदरातून.

बंदरात माल आल्यावर खरी अडचण कंटेनरची असते. न्यू झीलंडला निर्यातीसाठी लागणारे कंटेनर आणि आयातीबरोबर येणारे कंटेनर यांचा संख्येने वा प्रकाराने मेळ बसत नाही. शिवाय खाद्यपदार्थांसाठी कंटेनर स्वच्छ, कोरडा व गंधरहित असावा लागतो. देश प्रमुख जलमार्गांपासून दूर, जगाच्या एका टोकाला आहे. पुरेसा माल मिळण्याची खात्री नसेल, तर मोठी जहाजे तेथे येत नाहीत.

या अडचणीवर उपाय म्हणून २०११ मध्ये फॉन्टेरा व सिल्व्हर फर्न फार्म्स ही मांस निर्यातदार सहकारी संस्था यांनी ‘कोताही’ ही संयुक्त कंपनी स्थापन केली. माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ ‘एक’ असा होतो. अनेक निर्यातदारांचा माल एकत्र करून जहाज कंपन्यांशी एकमुखाने व्यवहार करणे हा तिचा उद्देश. कोताहीने २०१४ मध्ये तौरंगा बंदर व मार्स्क ही जहाज कंपनी यांच्याशी दहा वर्षांचे करार केले. मालाची हमी मिळाल्यामुळे बंदराने प्रवेशमार्ग खोल करण्याचे काम हाती घेतले आणि २०१६ मध्ये तेथे पूर्वीपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेची जहाजे येऊ लागली. तिमारू बंदरातील कंटेनर तळातही कोताहीने भाग घेतला. शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था देशातील कोणत्या बंदराची भरभराट व्हावी हे अप्रत्यक्षपणे ठरवू शकते, ही गोष्ट इतर बंदरांच्या चाहत्यांना अर्थातच रुचलेली नाही.

मार्ग ठरावीक असल्याने नैसर्गिक आपत्तींचा फटकाही मोठा बसतो. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कायकोरा येथे झालेल्या भूकंपाने दक्षिण बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरील रस्ता व लोहमार्ग दोन्ही तोडले. ऐन हंगामात टँकर पोहोचू न शकल्याने त्या भागातील काही शेतकऱ्यांना दूध ओतून द्यावे लागले. लोहमार्गावर मालगाड्या पुन्हा सुरू होण्यास सप्टेंबर २०१७ उजाडला.

== विक्रीची पद्धत ==

जुलै २००८ पासून फॉन्टेराने भुकटीच्या विक्रीसाठी ‘ग्लोबल डेअरी ट्रेड’ हा संगणकीय लिलाव सुरू केला. तो पुढे महिन्यातून दोनदा होऊ लागला. येत्या काही महिन्यांत जहाजावर चढवायच्या मालासाठी यात बोली लागते. त्यामुळे लिलाव हा जसा भाव ठरवण्याचा, तसाच वाहतुकीच्या नियोजनाचाही भाग आहे. येथील भाव जगभर मार्गदर्शक मानला जातो. २०२२ मध्ये न्यू झीलंड व युरोपातील रोखे-बाजार संस्था या लिलावाच्या सहमालक झाल्या.

== २०१३ चे निवळी-प्रथिन प्रकरण ==

मोठे कारखाने, मोठ्या खेपा आणि दूरचे ग्राहक या व्यवस्थेत एक चूक किती दूरवर जाते, याचे उदाहरण म्हणून या प्रकरणाकडे पाहिले जाते. २०१२ च्या आरंभी हाउतापू कारखान्यात एका विजेरीची काच फुटली व तिचा तुकडा उत्पादनात गेल्याची शंका आली. म्हणून तेथील निवळी-प्रथिनाची भुकटी मे २०१२ मध्ये पुन्हा विरघळवून गाळण्यात आली. त्यासाठी तात्पुरती जोडलेली नळी पुरेशी स्वच्छ नव्हती. या भुकटीतील प्रथिनांचे प्रमाण ८० टक्के होते आणि एकूण माल जेमतेम ३८ टन होता.

परंतु ही भुकटी अंतिम उत्पादन नव्हते. ती आठ ग्राहक कंपन्यांकडे गेली, तेथून शिशुआहार, पेये व पशुखाद्य यांत मिसळली आणि अनेक देशांत पसरली. २०१३ मध्ये तपासणीत क्लॉस्ट्रिडियम गटातील जिवाणू आढळले. ते प्राणघातक बॉट्युलिझमचे असू शकतात असे कंपनीने ३ ऑगस्ट २०१३ रोजी जाहीर केले. चीनने काही उत्पादनांची आयात थांबवली. न्यू झीलंडमध्ये तान्ह्या मुलांच्या माता कोणता डबा सुरक्षित आहे हे विचारत होत्या आणि संशयित माल नेमका कोठे आहे, हे कंपनीला अनेक दिवस निश्चितपणे सांगता येत नव्हते. २८ ऑगस्ट रोजी शासनाने स्पष्ट केले की सापडलेले जिवाणू क्लॉस्ट्रिडियम स्पोरोजेनिस या निरुपद्रवी जातीचे होते. कोणीही आजारी पडले नाही.

धोका खोटा ठरला, तरी दोष खरा होता. अन्नसुरक्षेच्या चार आरोपांखाली कंपनीला २०१४ मध्ये ३ लाख न्यू झीलंड डॉलर दंड झाला. शिशुआहार बाजारातून परत घ्यावा लागलेल्या दानोन या फ्रेंच कंपनीस १०.५ कोटी युरो भरपाई द्यावी, असा निर्णय सिंगापूर येथील लवादाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. शासकीय चौकशीत माल शोधून काढण्याच्या व्यवस्थेतील उणिवांवर बोट ठेवण्यात आले. त्यानंतर खेपेचा माग शेवटच्या ग्राहकापर्यंत संगणकाद्वारे काढता यावा, यासाठी कंपनीने मोठी गुंतवणूक केली.

लोकांची भीती एवढी तीव्र होण्यास पूर्वीचे एक प्रकरणही कारणीभूत होते. फॉन्टेराचा ४३ टक्के हिस्सा असलेल्या सानलू या चिनी कंपनीच्या शिशुआहारात २००८ मध्ये मेलामाइन हे रसायन आढळले होते. चीनमधील त्या भेसळकांडात सहा अर्भके दगावली व सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. ते दूध न्यू झीलंडचे नव्हते, स्थानिक होते. तरीही भागीदार म्हणून कंपनीवर टीका झाली आणि सानलू दिवाळखोरीत निघाली.

== परदेशांतील केंद्रे ==

परदेशांतील केंद्रांचे दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात न्यू झीलंडहून आलेली भुकटी लहान वेष्टनांत भरली जाते किंवा स्थानिक गरजेनुसार तिच्यात मिश्रण केले जाते. श्रीलंकेतील बियागामा, इंडोनेशियातील चिकारांग व सौदी अरेबियातील दम्माम येथील कारखाने या प्रकारात मोडतात. श्रीलंकेत तर ‘अँकर’ हे नाव घरोघरी परिचित आहे. दुसऱ्या प्रकारात स्थानिक दूधच वापरले जाते. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया व टास्मानिया येथील कारखाने या प्रकारचे होत. नेदरलँड्समधील हेरेनवेन येथे शेजारच्या चीज कारखान्यातील निवळीवर प्रक्रिया करण्याची सोय उभारण्यात आली.

चीनमध्ये स्वतःचे गोठे उभारण्याचा प्रयोगही कंपनीने केला. परंतु तेथे चारा विकत घ्यावा लागे व खर्च भरून येत नसे. २०२१ मध्ये हे गोठे विकण्यात आले. ज्या गवताच्या बळावर सारी व्यवस्था उभी होती, ते गवत तेथे नव्हते.

== भारताशी संबंध ==

भारतात फॉन्टेराचा प्रवेश २००२ मध्ये ब्रिटानिया कंपनीशी केलेल्या भागीदारीतून झाला. ती २००९ मध्ये संपुष्टात आली. पुढे २०१८ मध्ये मुंबईच्या फ्यूचर समूहाशी भागीदारी जाहीर झाली व २०१९ मध्ये ‘ड्रीमरी’ या नावाने उत्पादने बाजारात आली. या दोन्ही प्रयत्नांत भर भारतातच तयार होणाऱ्या मालावर होता, कारण भारतात दूध भुकटीवरील आयातशुल्क ६० टक्के आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी करारातून माघार घेतली, त्यामागील एक महत्त्वाचे कारण न्यू झीलंडच्या स्वस्त भुकटीचे भय हे होते. एका कळपात चारशे गाई बाळगणारा शेतकरी आणि दोन गाईंवर घर चालवणारा शेतकरी यांना एकाच बाजारात उभे करू नये, असे भारतीय दूध संघांचे म्हणणे होते.

== अलीकडील बदल ==

२०१९ नंतर कंपनीने परदेशांतील अनेक व्यवसाय विकून न्यू झीलंडच्या दुधावर लक्ष केंद्रित केले. चिलीतील सोप्रोले ही कंपनी २०२३ मध्ये विकली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘अँकर’, ‘मेनलँड’ आदी नाममुद्रांसह ग्राहकोपयोगी व्यवसाय फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहाला सुमारे ३.८ अब्ज न्यू झीलंड डॉलरना विकण्याचा करार जाहीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भागधारक शेतकऱ्यांनी मोठ्या बहुमताने त्यास संमती दिली. करारानुसार विकलेल्या व्यवसायास दूध व घटकपदार्थ पुरवण्याचे काम फॉन्टेराकडेच राहणार आहे. दुकानात विकल्या जाणाऱ्या डब्यावरील नावाची मालकी सोडायची आणि टँकर, शुष्कक व भुकटीच्या पिशव्या मात्र स्वतःकडे ठेवायच्या, हा निर्णय शेतकऱ्यांच्या हिताचा आहे की नाही, याविषयी न्यू झीलंडमध्ये मतभेद आहेत.